स्फुरदाची उणीव मुळांवरून ओळखण्याची आणि त्यानुसार खत देण्याची रीत

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या सगळ्या भागांत खरिपाच्या तोंडावर डीएपी या स्फुरदयुक्त खताच्या पोत्यासाठी धावपळ होते. ते खत शेतात नेमके कोठे आणि केव्हा पडावे, याचा विचार मात्र पेरणीच्या गडबडीत बहुधा राहून जातो. स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फरसच्या, बाबतीत हा विचार खताच्या प्रमाणाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण स्फुरद पिकाकडे चालत येत नाही; मुळालाच त्याच्यापर्यंत जावे लागते. उणीव भासू लागली की मूळ आपली वाढ, आपली ठेवण आणि आपले स्रावदेखील बदलते. हे बदल रोप खणून काढून, धुऊन आणि साध्या भिंगाखाली धरून पाहता येतात. ते नीट वाचता आले, तर कोणते खत, किती आणि कोणत्या जागी, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी शेतातच मिळतात.

प्रथम मुळापुढची अडचण समजून घेऊ. नांगरटीच्या थरात एकूण स्फुरद हेक्टरी शेकडो किलो असतो आणि भाताचे किंवा सोयाबीनचे एक पीक त्यातला वीस-पंचवीस किलोपेक्षा फारसा जास्त उचलत नाही. तरीही पीक उपाशी राहते, कारण हा साठा मातीने घट्ट धरून ठेवलेला असतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या अतिपावसाच्या पट्ट्यातील तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला बांधून ठेवतात. अथणी, रायबागकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तेच काम कॅल्शियम करतो. सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असताना ही बांधणी सर्वांत सैल असते. मातीच्या ओलाव्यात विरघळलेला स्फुरद लिटरमागे बहुधा ०.३ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतो, तर मुळाच्या पेशीत त्याचे प्रमाण याच्या हजारपटीच्या घरात असते. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळाशी येते. स्फुरद मात्र विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे, अत्यंत मंद गतीने सरकतो, आणि म्हणून मूळ आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा स्फुरद शोषून घेते, मग तेथे रिकामे कडे तयार होते. त्या कड्यापलीकडे भरपूर स्फुरद असला, तरी तो हंगामात पोहोचत नाही.

या कड्याबाहेर पडण्यासाठी वनस्पती ज्या युक्त्या करते, त्या पाहण्यासारख्या आहेत. पानांपेक्षा मुळांकडे अन्नाचा अधिक वाटा जाऊ लागतो. त्यामुळे उणिवेच्या सुरुवातीला शेंडा खुरटतो, पण मुळांचा पसारा तितकासा घटत नाही. बाजूची मुळे वाढतात आणि वरच्या थरातच पसरतात, कारण शेणखत, पालापाचोळा आणि आजवर टाकलेले खत यांमुळे स्फुरदाचा मोठा भाग वरच्या पाऊण वितीत असतो. घेवड्यासारख्या पिकांत मुळांचा जमिनीशी होणारा कोन जितका उथळ, तितके ते वाण कमी स्फुरदाच्या जमिनीत अधिक तग धरते, असे वाणांच्या तुलनेत दिसून आले आहे. मुळाच्या कोवळ्या भागावरचे केस, म्हणजे मूलरोम, लांब आणि दाट होतात. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील प्रयोगशाळेच्या रोपात ते ०.३ मिलिमीटरवरून ०.९ मिलिमीटरपर्यंत वाढलेले मोजले गेले आहेत. मूलरोम अतिशय बारीक असल्यामुळे रोपाला त्यांची किंमत फार थोडी मोजावी लागते आणि शोषणाचे क्षेत्र मात्र कितीतरी वाढते. माझ्या मते स्फुरदाच्या संदर्भात मुळाचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

सोटमुळाबाबत मात्र सावधपणे निष्कर्ष काढावा. अरॅबिडॉप्सिसमध्ये उणीव पडताच मुळाच्या टोकाशी लोह साचते आणि सोटमुळाची वाढ थांबते, असे अनेक लेखांत वाचायला मिळते आणि ते खरेही आहे. पण भाताचे पहिले मूळ कमी स्फुरदात उलट लांब होते, आणि मक्यात सौम्य उणिवेत फारसा फरक पडत नाही. म्हणून ‘मुख्य मूळ आखूड, म्हणजे स्फुरद कमी’ असा सरळ नियम आपल्या पिकांना लावू नये.

मुळे केवळ लांब होऊन थांबत नाहीत. ती सायट्रिक, मॅलिक यांसारखी सेंद्रिय आम्ले सोडतात, ज्यांमुळे लोह, ॲल्युमिनियम किंवा कॅल्शियमच्या पकडीतला स्फुरद सुटतो. शिवाय आम्ल फॉस्फेटेज हे विकर सोडून सेंद्रिय पदार्थांतला स्फुरद मोकळा करतात. तुरीची गोष्ट तर विशेष आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेत झालेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडतात, ते लोहाशी संयोग पावते आणि लोहाने बांधलेला स्फुरद तुरीला मिळतो. तांबड्या जमिनीत तूर बिनखताची उभी राहते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. हरभऱ्याची मुळे अशीच आम्ले सोडतात, पण त्यांचा उपयोग कॅल्शियमने धरलेल्या स्फुरदासाठी, म्हणजे काळ्या जमिनीत, अधिक होतो.

याशिवाय उपाशी मूळ मातीतल्या मायकोरायझा बुरशीला बोलावते. त्यासाठी ते स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्ये सोडते, बुरशीचे तंतू मुळात शिरतात आणि कड्यापलीकडे कित्येक सेंटिमीटर जाऊन स्फुरद आणून देतात. हीच द्रव्ये रोपात फुटवे कमी करण्याचा संदेशही देतात. म्हणून स्फुरद कमी पडलेल्या भाताला फुटवे कमी येतात, आणि हीच द्रव्ये ओळखून ज्वारीवरचा व उसावरचा टारफुला, म्हणजे मुळांवर जगणारे परोपजीवी तण, उगवतो. टारफुला वारंवार येणाऱ्या शेतात स्फुरद आणि नत्र या दोन्हींची तपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मुळे काढण्याची पद्धत

बियाण्यात साठवलेला स्फुरद रोपाला सुरुवातीचे सुमारे दोन आठवडे पुरतो. त्यामुळे त्याआधी मुळे पाहण्यात अर्थ नाही. सोयाबीन, भुईमूग, मका यांची पाहणी उगवणीनंतर २५ ते ३० दिवसांनी करावी. धूळवाफ पेरणीच्या भाताचीही त्याच सुमारास, आणि रोप लावणीच्या भाताची लावणीनंतर तीन आठवड्यांनी करावी. एकाच शेतातील चांगल्या वाढीची एक जागा आणि खुरटलेली एक जागा निवडून प्रत्येकी पाच रोपे घ्यावीत, कारण तुलनेशिवाय मुळांवरून काहीही सांगता येत नाही.

वाफसा असताना काम करावे. रोपाच्या चारही बाजूंनी वीतभर अंतर सोडून कुदळीने खोबण घ्यावी आणि एक फूट खोल मातीचा ढेकूळ अखंड उचलावा. रोप उपटू नये. उपटले की जी मुळे पाहायची आहेत, तीच जमिनीत राहतात. ढेकूळ बादलीत पाण्यात ठेवून द्यावा. तांबडी आणि मसारी माती तासाभरात सुटते, चिकण काळ्या मातीला रात्रभर भिजवावे लागते. नंतर हलक्या धारेने, खाली चाळण किंवा पातळ कापड धरून मुळे धुवावीत, म्हणजे तुटलेली बारीक मुळेही हातची जात नाहीत. धुतलेली मुळे पाण्याने भरलेल्या पसरट ताटात, ताटाखाली काळा कागद ठेवून पसरली, की पांढरी मुळी स्पष्ट दिसते.

मूलरोम मात्र धुतल्यावर निघून जातात. त्यांच्यासाठी एक-दोन रोपे न धुता ठेवावीत आणि कोवळी मुळे अलगद झटकून पाहावीत. मूलरोम लांब आणि दाट असतील, तर मुळाभोवती मातीची बाही चढवल्यासारखे आवरण चिकटून राहते. नसतील तर मूळ झटकताच स्वच्छ होते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून हे आवरण आणि त्यातले रोम दोन्ही दिसतात.

ज्यांना मुळांची वाढ रोजच्या रोज पाहायची असेल, त्यांनी आणि विशेषतः शाळांतील विज्ञान शिक्षकांनी, पारदर्शक बाटल्यांची पद्धत वापरावी. दोन लिटरच्या दोन बाटल्यांचे गळे कापून, तळाला भोके पाडून, त्यांत एकाच शेतातील चाळलेली माती भरावी. एका बाटलीतील मातीत किलोमागे सुमारे १ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट बारीक करून मिसळावे आणि दुसऱ्या बाटलीत किलोमागे अर्धा ग्रॅम जिप्सम मिसळावे, कारण सुपर फॉस्फेटमधून गंधक आणि कॅल्शियमही जातात; ते दोन्हीकडे सारखे असतील, तरच दिसणारा फरक स्फुरदाचा आहे असे म्हणता येते. प्रत्येकीत मक्याचा एक दाणा लावून बाटल्या काळ्या कापडात गुंडाळाव्यात आणि थोड्या तिरक्या ठेवाव्यात, म्हणजे मुळे खालच्या भिंतीला लागून वाढतात. पाहताना कापड काही मिनिटांपुरतेच काढावे, कारण प्रकाशामुळेही मुळांची वाढ बदलते.

काय दिसले म्हणजे काय समजावे

चांगल्या जागेच्या मानाने शेंडा लहान पण मुळांचा पसारा टिकून आहे, बारीक मुळे वरच्या चार-पाच इंचांत एकवटली आहेत, मातीचे आवरण दाट आहे, जुनी पाने मंद गर्द हिरवी किंवा जांभळट आहेत. ही सगळी चिन्हे एकत्र आली, तर स्फुरदाची उणीव मानायला पुरेसा आधार आहे. उणीव तीव्र आणि लांबलेली असेल, तर मुळांचा पसाराही आटतो, म्हणून पाहणीची वेळ चुकवू नये. एकटे जांभळे पान पाहून मात्र निर्णय घेऊ नये. जुलैत सततच्या ढगाळ, गार हवेत मक्याची पाने तात्पुरती जांभळी होतात आणि ऊन पडल्यावर सुधारतात.

सोयाबीन, भुईमूग, मसूर यांच्या मुळांवरील गाठीही मोजाव्यात. नत्र स्थिरीकरणाला ऊर्जा फार लागते आणि ती ऊर्जा स्फुरदाशिवाय तयार होत नाही, म्हणून उणीव असलेल्या जागी गाठी थोड्या आणि लहान राहतात. अशा वेळी पीक पिवळट दिसते आणि शेतकरी युरिया टाकतो, पण मूळ कारण तसेच राहते.

खानापूर भागात सर्वाधिक गल्लत होते ती ॲल्युमिनियमच्या विषबाधेशी. सामू ५.५ च्या खाली गेला, की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके जाड, आखूड आणि तपकिरी करतो, बारीक मुळे फुटतच नाहीत. नुसत्या स्फुरदाच्या उणिवेत मुळे बारीक आणि भरपूर असतात, हा फरक लक्षात ठेवावा. टोके जाड आणि आखूड दिसली, तर आधी चुना किंवा डोलोमाइट आणि मगच स्फुरद, हा क्रम पाळावा लागतो. मुळे एका ठराविक खोलीवर आडवी वळली असतील, तर खाली नांगराचा कठीण थर आहे. काळी पडून कुजकट वास येत असेल, तर पाणी साचले आहे. तुटलेली असतील, तर हुमणी शोधावी. सूत्रकृमीच्या गाठी मुळाच्या आतून फुगलेल्या असतात आणि ओढल्या तरी सुटत नाहीत, तर जिवाणूंच्या गाठी बाजूला चिकटलेल्या असून सहज निघतात. नत्र कमी असल्यास जुनी पाने पिवळी पडतात आणि मुळे खोल, पण कमी फांद्यांची दिसतात.

मुळांची पाहणी माती परीक्षणाची जागा घेत नाही. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. नमुना पेरणीपूर्वी, खत टाकण्याआधी, शेतातील दहा-पंधरा ठिकाणांहून १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत घ्यावा. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरड्याची जागा टाळावी. रैत संपर्क केंद्रात किंवा मत्तिकोप्प आणि तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी केली, तर नमुना कोठे द्यावा हे कळते. तेथे एक गोष्ट आवर्जून विचारावी: तपासणी कोणत्या पद्धतीने झाली? आम्ल जमिनीला ब्रे पद्धत आणि तटस्थ किंवा विम्ल (अल्कधर्मी) जमिनीला ओल्सेन पद्धत योग्य ठरते. ओल्सेन पद्धतीत हेक्टरी १० किलोपेक्षा कमी स्फुरद म्हणजे कमी, १० ते २५ मध्यम आणि त्यापुढे भरपूर, असे ढोबळ मानले जाते. हे आकडे निव्वळ स्फुरदाचे आहेत. पत्रिकेवर कधी स्फुरद पेंटॉक्साइडचा (P₂O₅, खतांत स्फुरद ज्या रूपात मोजतात त्याचा) आकडा असतो, तेव्हा त्याला २.२९ ने भागून मगच तुलना करावी. कन्नड पत्रिकेत हा आकडा ‘रंजक’ या शब्दापुढे लिहिलेला असतो.

खत देताना मुळाची चाल कशी सांभाळावी

स्फुरद विखरून टाकला, की तो मातीच्या अधिकाधिक कणांना भिडतो आणि अधिकाधिक बांधला जातो. तोच कुरीने (पाभरीने) ओळीत, बियाण्याच्या बाजूला दोन इंच आणि खाली दोन इंच पडला, तर कोवळ्या मुळाला पहिल्याच आठवड्यात सापडतो. शिवाय स्फुरदाचा असा साठा भेटला, की मूळ नेमक्या त्याच जागी दाट फांद्या फोडते. डीएपी बियाण्याला चिकटून पडू देऊ नये, कारण त्यातून सुटणारा अमोनिया उगवण बिघडवतो. उभ्या पिकात वरून टाकलेला स्फुरद वरच्या पृष्ठभागावरच अडकतो, त्यामुळे तो पेरणीच्या वेळीच द्यावा.

डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद पेंटॉक्साइड असतो आणि सिंगल सुपर फॉस्फेटच्या पोत्यात ८ किलो, म्हणजे एका डीएपीच्या जागी जवळजवळ तीन पोती सुपर लागते. तरीही भुईमूग आणि सोयाबीनला सुपरच द्यावे असे मी म्हणेन, कारण त्यातील सुमारे ११ टक्के गंधक आणि कॅल्शियम या पिकांना हवेच असतात. रॉक फॉस्फेट फक्त आम्ल जमिनीत विरघळते. खानापूर तालुक्यात काजूला किंवा भाताच्या तांबड्या जमिनीत ते शेणखताबरोबर चालते. चिकोडी-अथणीच्या काळ्या जमिनीत ते तसेच पडून राहते.

भात आणि त्यामागून येणाऱ्या कडधान्याची साखळी आपल्या भागात विशेष विचार करण्याजोगी आहे. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या काळ्या शिवारात भातानंतर मसूर, हरभरा, वाटाणा घेतला जातो. शेतात पाणी साचलेले असताना मातीतील लोहाचे रूप बदलते आणि त्याने धरलेला स्फुरद सुटतो, म्हणून भाताला तो बऱ्यापैकी मिळतो. पाणी आटून हवा शिरली, की तेच लोह पुन्हा ऑक्सिजन घेते आणि स्फुरद पूर्वीपेक्षाही घट्ट धरते. म्हणजे भात समाधानकारक आला, यावरून मसुराला स्फुरद पुरेल असे धरता येत नाही. जेथे वर्षाला थोडाच स्फुरद देणे परवडते, तेथे त्यातला मोठा भाग रब्बीच्या कडधान्याला ओळीत द्यावा आणि बियाण्याला रायझोबियम या मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंसह स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया करावी. या जिवाणूंचा परिणाम जमिनीनुसार कमी-अधिक होतो. त्यांच्या भरवशावर खत पूर्ण बंद करू नये.

तांबड्या जमिनीत भाताची लावणी करणाऱ्यांनी रोपांची मुळे शेतातल्या चिखलात सुपर फॉस्फेट कालवून त्यात बुडवावीत आणि लगेच लावावीत. स्फुरद थेट मुळाशी जातो आणि थोड्या खतात काम भागते. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ मात्र रोपे बुडवून ठेवू नयेत, नाहीतर क्षारांनी मुळे भाजतात. वाणाचाही यात वाटा असतो. कासलाथ या जुन्या भाताच्या वाणात सापडलेले ‘पीस्टॉल-१’ हे जनुक रोपाच्या कोवळ्या वयातच मुळांचा पसारा वाढवते आणि कमी स्फुरदाच्या जमिनीत उत्पन्न राखते, असे २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. अनेक आधुनिक वाणांत ते नाही. म्हणून आपल्याकडील जुन्या भातांची तुलना करताना केवळ लोंबी पाहू नये, मुळेही खणून पाहावीत.

उणीव असलेल्या पिकाची मुळे वर पसरलेली असतात, हे आंतरमशागतीत विसरू नये. महिन्यानंतरची खोल कोळपणी हीच मुळे कापते, आणि वरचा थर सुकला, तर त्यातला स्फुरद असूनही मिळत नाही. उचगाव, तुरमुरी, कुद्रेमानीकडे रताळी, बटाटे घेणाऱ्यांनी वरच्या थरात पालापाचोळा व शेणखत राखून ओल टिकवावी; त्यातून मुळांना आणि मायकोरायझालाही आसरा मिळतो. कोबी, फ्लॉवर, मोहरी या कुळातील पिकांवर ही बुरशी वाढत नाही, म्हणून कोबीनंतर लगेच मका घेतल्यास त्याची सुरुवात मंद होऊ शकते. त्या मक्याला ओळीतला स्फुरद चुकवू नये, किंवा मधे एखादे कडधान्य घ्यावे. तांबड्या जमिनीत भुईमुगात किंवा सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेणे, आणि तिचा पाला त्याच शेतात पडू देणे, हा बांधलेला स्फुरद फिरता ठेवण्याचा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो.

उसाच्या पट्ट्यात प्रश्न बहुधा उलटा असतो. वर्षानुवर्षे भरपूर डीएपी पडून पत्रिकेवर स्फुरद ‘भरपूर’ येतो. अशा शेतात मुळे मायकोरायझाला थारा देत नाहीत आणि जास्त स्फुरदामुळे जस्ताची उणीव वाढते. तेथे एक-दोन हंगाम स्फुरद कमी करून जस्त आणि सेंद्रिय खत यांकडे लक्ष द्यावे.

यातले काहीही संपूर्ण शेतावर एकदम करण्याआधी पट्टा ठेवून पाहावे. पेरणी करताना कुरीचा एक फेरा स्फुरदाशिवाय, एक शिफारशीप्रमाणे आणि एक दीडपट असा घ्यावा, पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात आणि बाकी सर्व मशागत सारखी ठेवावी. २५ ते ३० दिवसांनी तिन्ही पट्ट्यांतून रोपे खणून मुळे शेजारी शेजारी ताटात मांडावीत. पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्यांत फरक दिसला नाही, तर जमिनीत पुरेसा स्फुरद आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात ठळक फरक दिसला, तर सध्याचे खत कमी पडते आहे किंवा चुकीच्या जागी पडते आहे. काढणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्याचे उत्पन्न वेगळे तोलून लिहून ठेवावे, आणि पुढच्या वर्षी पट्टे त्याच जागी न ठेवता बाजूला सरकवावेत, कारण दीडपट खताचा उरलेला अंश त्या जागी दुसऱ्या हंगामातही काम करत राहतो.